देव भक्तामागून चालत आला: पुण्याच्या वाटांवरून धर्माचा भूगोल

चतुःशृंगीची गोष्ट पुण्यात घरोघरी सांगितली जाते. दुर्लभशेठ नावाचे महाजन दर चैत्री पौर्णिमेला वणीच्या सप्तशृंगीच्या दर्शनाला जायचे. वय झालं, पाय थकले, आता नेम चुकणार म्हणून जीव कासावीस झाला. तेव्हा देवी स्वप्नात आली आणि म्हणाली, तुला यायला जमत नाही ना, मग मीच तुझ्याजवळ येते. पुण्याबाहेरच्या डोंगरात खणल्यावर ती सापडली.

पुरंदर तालुक्यात वीर नावाच्या गावी म्हस्कोबाचं ठाणं आहे. तिथली कथाही याच धाटणीची. परांड्याजवळच्या सोनारीचा काळभैरव आपल्या धनगर भक्तामागून चालत चालत इथवर आला. अशा कथा महाराष्ट्रात गावोगावी आहेत आणि त्यांत पुष्कळदा एक अट असते: मी मागून येतो, पण तू वळून पाहायचं नाहीस. भक्ताला राहवत नाही. तो वळतो, आणि देव जिथल्या तिथे थांबतो. देऊळ तिथेच होतं.

मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला भूगोल शिकवला. संस्कृती आणि धर्माचा भाग आला की वर्गात पेंग पसरायची. 'स्थानांतरित प्रसरण म्हणजे माणसांच्या स्थलांतराबरोबर होणारा सांस्कृतिक घटकांचा प्रसार' असं मी फळ्यावर लिहायची, मुलं ते वहीत उतरवायची. एकदा पुरंदरकडच्या एका मुलीनं हात वर करून विचारलं, "मॅडम, म्हणजे आमचा देव आला, तसंच ना?" तसंच. अगदी तसंच. लोक एका जागेहून दुसऱ्या जागी जातात आणि भाषा, जेवण, सण, देव यांचं गाठोडं बरोबर नेतात. पुस्तकानं त्याला नाव दिलं, तिच्या आजीनं गोष्ट दिली. त्या दिवसापासून मी हा विषय व्याख्येपासून सुरू करणं सोडलं.

प्रसरणाची दुसरी तऱ्हा अशी की माणसं जागची हलत नाहीत, कल्पनाच पसरते. सार्वजनिक गणेशोत्सव हे त्याचं पुण्याला सगळ्यात जवळचं उदाहरण. १८९३-९४ च्या सुमारास घरातला गणपती पुण्यात चौकात आला. टिळकांनी त्याला 'केसरी'तून बळ दिलं आणि ते पत्र जिथे जिथे वाचलं जाई, तिथे तिथे ही कल्पना पोचली. आधी मोठी शहरं, मग तालुक्याची गावं, मग खेडी. अशा उतरत्या क्रमाला श्रेणीबद्ध प्रसरण म्हणतात. त्याच वेळी एका पेठेचं पाहून शेजारची पेठ मंडळ काढते, ते साथीसारखं पसरणं. दोन्ही एकदम चालू असतात. परीक्षेत मात्र यांतलं एकच निवडायला सांगतात, याची मला कायम हळहळ वाटत आली.

आता जमिनीकडे येऊ. १९२५ मध्ये कार्ल सॉअर या अमेरिकी भूगोलतज्ज्ञानं एक साधी आणि टिकाऊ गोष्ट मांडली. निसर्ग हा माल, संस्कृती ही त्यावर काम करणारी कारागीर, आणि दोघांच्या मेळातून डोळ्यांना दिसतं ते सांस्कृतिक भूदृश्य. शेताचे बांध, देवळाचा कळस, मशिदीचा मिनार, नदीवरचा घाट, गावाबाहेरचं स्मशान हे सगळं त्यात आलं. पुढे इतर भूगोलकारांनी त्यात भर घातली की हे भूदृश्य थरांचं असतं. एक समाज येतो, आपली खूण ठेवतो, दुसरा त्याच जागेवर आपली खूण चढवतो, आणि खालची पूर्ण पुसली जात नाही.

हे थर पाहायचे तर जुन्या मुंबई रस्त्यानं कार्ल्याला जावं. डोंगरात कोरलेलं प्रचंड बौद्ध चैत्यगृह आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. खांबांवरच्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. व्यापारी आहेत, भिक्खू आहेत, धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे ग्रीकही आहेत. आणि त्या चैत्यगृहाच्या तोंडाशी, अगदी अंगाला लागून, एकवीरा आईचं देऊळ. कोकणातले कोळी बांधव घाट चढून तिच्या दर्शनाला येतात. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला तर अष्टविनायकांपैकी एक गणपती बौद्ध लेण्यातच बसला आहे.

ही लेणी इतक्या आडबाजूला का कोरली, असं वाटतं. आडबाजू आज वाटते, तेव्हा नव्हती. कल्याण आणि चौलच्या बंदरात उतरलेला माल बोरघाट, नाणेघाट चढून देशावर यायचा. कार्ले, भाजे, बेडसे आणि जुन्नरची लेणी या घाटवाटांच्या माथ्यावर आहेत. नाणेघाटात आजही दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा. पावसाळ्यात भिक्खूंनी एके जागी वर्षावास करायचा हा संघाचा नियम. वाटेवरचा डोंगर, कोरडी गुहा आणि दान देणारे तांडे एकत्र मिळाले की विहार उभा राहायचा.

दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहायचे. पेशानं गणितज्ञ, पण पायांनी भूगोलकार असं मी म्हणेन. शहराभोवतीच्या टेकड्या आणि खेडी त्यांनी पायी पालथी घातली, अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारं वेचली, आणि कुठल्या शेंदराच्या दगडाला लोक काय नावानं पुजतात ते विचारत फिरले. त्यांना दिसलं की मावलायांची, आयांची कितीतरी ठाणी जुन्या पायवाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आहेत. वस्तीपासून लांब, माळावर. त्यांचं म्हणणं असं की आधी गुरांमागून फिरणाऱ्या टोळ्यांच्या वाटा होत्या. त्या भेटत तिथे देवाणघेवाण व्हायची, तिथे देवी बसली. पुढे त्याच वाटांवरून व्यापारी आले आणि त्यांच्या मागून भिक्खू. देवळापाशी रस्ता गेला असं आपण म्हणतो. कोसंबींनी दाखवलं की पुष्कळदा रस्त्यापाशी देव आला.

ही दृष्टी घेऊन जेजुरीला गेलं की भंडाऱ्याखालची जमीन दिसू लागते. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पुण्यात ७०० च्या आसपास, पूर्वेला बारामतीकडे जेमतेम ५०० च्या आगेमागे. सव्वाशे-दीडशे किलोमीटरमध्ये एवढा फरक. म्हणून पश्चिमेला मावळात भात आणि पूर्वेला ज्वारी-बाजरी. मेंढीला ओलावा सोसत नाही, तिचे खूर सडतात. त्यामुळे धनगर पावसाळ्यात पूर्वेच्या कोरड्या माळावर राहतो, दिवाळीनंतर वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन पश्चिमेला, पार कोकणापर्यंत उतरतो. तिथल्या भातखाचरांत मेंढ्या बसवतो, शेतकऱ्याला खत मिळतं, धनगराला धान्य. पाऊस यायच्या आत परत फिरतो.

जेजुरी या दोन जगांच्या सांध्यावर आहे. आणि खंडोबाच्या बायका पाहा. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. पेठ आणि माळ या दोन्हींशी देवानं सोयरीक केली. दोघींची भांडणं गाण्यांतून रंगतात, आणि ती दोन सवतींची असतात तशीच दोन जगण्यांचीही असतात. जर्मनीहून येऊन पुण्यात रमलेले गुंथर सोंथायमर यांनी आयुष्याचा मोठा भाग खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांच्या मागे घालवला; धनगरांबरोबर फिरले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांच्या लिखाणामुळे मला उमगलं की जेजुरीचा खंडोबा, कर्नाटकातला मैलार आणि आंध्र-तेलंगणातला मल्लण्णा हे एकाच दैवताचे वेगवेगळ्या भाषांतले मुक्काम आहेत. राज्यांच्या सीमा नंतरच्या, मेंढ्यांच्या वाटा आधीच्या.

प्रदेश म्हणजे काय, हा भूगोलातला जुना प्रश्न. पाऊस, पीक, भाषा अशा एखाद्या गुणावरून आखलेला प्रदेश असतो, एखाद्या केंद्राकडे धावणारा प्रदेश असतो, आणि लोकांच्या मनात असलेला, कुठल्याच सरकारी नकाशावर नेमका न बसणारा प्रदेशही असतो. इरावती कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मानवशास्त्र शिकवत. त्या वारीत चालल्या आणि त्या अनुभवावर लिहिताना त्यांनी महाराष्ट्राची एक नवी व्याख्या केली: ज्या देशाचे लोक पंढरपूरला जातात, तो महाराष्ट्र. माझ्या मते प्रदेशाची याहून चांगली व्याख्या मराठीत झालेली नाही. हा महाराष्ट्र माणसांच्या पायांनी आखलेला आहे.

ज्येष्ठात दोन्ही पालख्या पुण्यात येतात. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या. तिथून वाटा फुटतात. माउली दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, नीरा, फलटणकडे. तुकोबा लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूरकडे. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. माळकरी वैष्णवांची पालखी जेजुरीत पोचते तेव्हा तिच्यावर भंडारा उधळला जातो. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की अनगडशहा बाबांच्या दर्ग्याशी थांबते, तिथे आरती होते. वेगवेगळ्या परंपरांच्या अशा मिसळण्याला पुस्तकात समन्वय म्हणतात. हा शब्द ऐकला की कुणीतरी बसून तह केला असं वाटतं. इथे तसलं काही झालेलं नाही. वाटेवर दर्गा आहे, पालखी वाटेनं जाते, थांबल्याशिवाय पुढे कसं जायचं?

आषाढी एकादशीचा उपास धरून घरी बसणाऱ्यांच्या ताटातही एक मोठा प्रवास वाढलेला असतो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची, रताळं हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. राजगिराही बव्हंशी तिकडचाच. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांबरोबर यांतलं पुष्कळ इकडे आलं. ज्ञानोबांनी आणि नामदेवांनी साबुदाण्याची खिचडी पाहिलेली असणं शक्य नाही. मग परदेशी पदार्थ उपासाला चालतात आणि घरचे गहू-तांदूळ का चालत नाहीत? मला वाटतं उत्तर सोपं आहे. उपासाला 'धान्य' वर्ज्य, आणि धान्य कशाला म्हणायचं याची यादी जुनी. नवे कंद आणि दाणे आले ते त्या यादीत नव्हतेच, म्हणून निषेधातून सुटले. नियम तसाच राहिला, ताट पालटलं. संस्कृती टिकते ती अशी. सासवडच्या ज्या सिताफळाचा आपण अभिमान बाळगतो, त्याचं मूळही अटलांटिकपलीकडचं.

भूगोलकार धर्मांची ढोबळ विभागणी करतात. बौद्ध, ख्रिस्ती, इस्लाम हे वैश्विक धर्म, कारण ते कुणालाही आत यायचं निमंत्रण देतात. यहुदी, पारशी, आणि बहुतेक पुस्तकांनुसार हिंदू हे समूहनिष्ठ, म्हणजे जन्माशी आणि विशिष्ट भूमीशी बांधलेले. विभागणी कामाची आहे, पण नाना पेठेतून क्वार्टर गेटमार्गे कॅम्पात चालत गेलं की तिच्या कडा झिजलेल्या दिसतात. क्वार्टर गेटचं सिटी चर्च पेशव्यांनी १७९२ मध्ये दिलेल्या जागेवर आहे, आपल्या फौजेतल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती शिपायांसाठी. पुढे गेलं की लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ. पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. मूळचे बगदादचे व्यापारी डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं, १८६७ मध्ये पुरं झालं. ते स्वतः तिथेच चिरविश्रांती घेत आहेत. छावणीच्या व्यापाराबरोबर आलेल्या पारशांच्या अग्यारीही याच भागात. फौज, छावणी, व्यापार: कॅम्पातल्या जवळजवळ प्रत्येक प्रार्थनास्थळामागे यांतलं काहीतरी आहे.

रास्ता पेठेतलं बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉग मात्र वेगळ्या वाटेनं आलेलं. हा समाज शतकानुशतकं कोकणात राहिला, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. मातृभाषा मराठी. आडनावं केहीमकर, पेणकर, राजपूरकर, म्हणजे कोकणातली गावंच. ज्यांची पवित्र भूमी जेरुसलेम, त्यांनी आडनावात रायगड जिल्हा जपला.

आणि बौद्ध धर्म. कार्ल्या-जुन्नरच्या डोंगरांतून तो हळूहळू नाहीसा झाला होता. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली, कार्ल्याकडे जाणाऱ्या त्याच रस्त्यावर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांतले सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. एका पिढीच्या आत धर्माचा नकाशा पालटण्याची अशी उदाहरणं जगात फार थोडी सापडतील. कल्पनेचं प्रसरण म्हणजे काय हे शिकवायला मला याहून मोठं उदाहरण मिळालं नाही, आणि हे शिकवताना माझा आवाज कधी सपाट राहिला नाही.

कारण जागा पवित्र ठरली की तिला उंबरा येतो, आणि उंबरा आला की कुणीतरी बाहेर राहतं. पवित्र स्थळाचा हा भाग पुस्तकं फार लवकर उरकतात. पर्वतीवर सकाळी व्यायामाला जाणाऱ्यांना १०३ पायऱ्या पाठ असतात. १९२९ मध्ये त्याच पायऱ्यांशी अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांनी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला होता, हे किती जणांना ठाऊक असतं? विठोबाच्या भक्तीत आयुष्य घालवलेल्या चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे. त्या देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. एक हौद, चार हात जागा, पण शहराच्या नकाशावरची एक रेघ त्यांनी त्या दिवशी खोडली. भक्तामागून कोसचे कोस चालत येणारा देव कुणासाठी दारातही का आला नाही, याचं उत्तर देवाला नाही, दार राखणाऱ्यांना विचारायला हवं.

सगळे देव चालतात असंही नाही. काही हद्दीवर बसून राहतात. वेशीवर मारुती, शेताच्या बांधावर म्हसोबा, वस्तीच्या बाहेर वेताळ. गणेशखिंड रस्त्यावर बसचा थांबा आहे, म्हसोबा गेट. तिथे आज बांधही नाही आणि पीकही नाही, पण नाव ऐकलं की मला भांबुर्ड्याची शेतं दिसतात. शिवाजीनगर हे नाव नंतरचं. गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ. शहर वाढत गेलं, हद्दीवरचे देव गर्दीच्या मधोमध आले, नावांनी मात्र जुनी हद्द धरून ठेवली. मावळ-मुळशीच्या देवराया याच कुळातल्या: देवाचं रान, कुऱ्हाड लावायची नाही. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचे डोंगर उघडे पडत असताना या रायांत जुनं जंगल तगून असल्याचं जगाला कळलं.

गेल्या काही वर्षांत दिवाळीनंतर सहाव्या दिवशी मी मोशीला इंद्रायणीच्या घाटावर जाते. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आलेली कुटुंबं तिथे छठ पूजा करतात. सुपात ऊस, नारळ, ठेकुआ घेऊन बायका पाण्यात उभ्या राहतात. हीच नदी वर देहूला तुकोबांची, खाली आळंदीला माउलींची. छठीचं पहिलं अर्घ्य बुडत्या सूर्याला द्यायचं असतं, त्यामुळे सगळ्यांची तोंडं पश्चिमेकडे असतात, मावळतीकडे. त्या दिशेचा म्हणून तो मुलूख मावळ, अशी त्या नावाची फोड सांगतात.